उकल कुणाच्या हाती?

होम्स मोठा की पॉयरो, हा वाद मराठी वाचकाला नवा नाही. वाद रंगला की त्यात व्योमकेश बक्षी येतो, फेलूदा येतो, विणकाम हातात घेऊन मिस मार्पल येते. शेवटी कुणीतरी जरा चाचरत बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारचे नाव काढतो आणि बाकीचे हसतात. त्या हसण्यात एक ठरलेली उतरंड आहे. बुद्धीने गुन्हा उकलणारे गुप्तहेर वरच्या पायरीवर, भिंतीवरून उड्या मारणारे आणि तोंडावर बुरखा चढवणारे खालच्या पायरीवर. ही उतरंड लावताना माप एकच लावले जाते, ते म्हणजे डोके किती चालते. पुढच्या पानांत ज्या गुप्तहेरांची गाठ पडणार आहे, त्यांना मी दुसरे माप लावून पाहणार आहे. गुन्हा उकलल्यावर ती उकल हा माणूस कुणाच्या स्वाधीन करतो? पोलिसांच्या, न्यायालयाच्या, गावाच्या, की स्वतःच्याच खिशात ठेवतो? आणि स्वाधीन करताना ती तपासून पाहण्याची सोय दुसऱ्याला ठेवतो का? जळगाव-धुळ्याकडच्या वाचकाने हे माप हातात घ्यावे असे मला वाटते, कारण चोर कोण, शिपाई कोण आणि निवाडा कुणाचा, हे प्रश्न खानदेशाच्या इतिहासात गोष्टीच्या पुस्तकापुरते कधीच राहिलेले नाहीत. एक सूचना आधीच देतो. पुढे काही गाजलेल्या कथांचे शेवट उघड होणार आहेत. ज्यांना ते नको असतील त्यांनी आधी कथा वाचाव्यात, मग ही प्रस्तावना.

पहिला आक्षेप लगेच येईल, म्हणून त्याचे उत्तर लगेच देतो. रहस्यकथा हे कोडे आहे, कोडे सुटले की खेळ संपला, त्यात न्याय-अन्यायाची चर्चा कशाला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या बाजूला वजनही आहे. रोनाल्ड नॉक्सने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम घालून दिले, ते खेळाचे नियम असावेत तसेच आहेत. वाचकापासून दुवा लपवू नका, अद्भुताचा आधार घेऊ नका, एकाहून जास्त गुप्त दरवाजे ठेवू नका. पण कथा नुसते कोडे असती तर एकदा सुटल्यावर कुणी पुन्हा हातात घेतली नसती. वर्तमानपत्रातले भरून झालेले शब्दकोडे कुणी जपून ठेवत नाही. होम्सच्या कथा मात्र खुनी कोण हे पाठ असलेले वाचकही पुन्हा पुन्हा वाचतात. मग दुसऱ्या वाचनात उरते काय? बेकर स्ट्रीटचे वातावरण उरते, वॉटसनचा भाबडेपणा उरतो, हे खरेच. त्याबरोबर आणखी एक गोष्ट उरते. सत्य हाती आलेला माणूस आता काय करणार, हा प्रश्न. तो दुसऱ्या वेळी जास्त ठळक दिसतो, कारण आता आपले लक्ष खुन्याकडे नसते.

एडगर अॅलन पोचा द्युपँ हा या सगळ्यांचा पूर्वज. १८४१ साली तो पहिल्यांदा छापून आला. त्याच्या तर्काची वाहवा सगळेच करतात. पण १८४४ च्या चोरलेल्या पत्राच्या कथेत तो पत्र काढून देतो कसे, तेही पाहावे. पॅरिसचा पोलिसप्रमुख हताश होऊन समोर बसलेला आहे. द्युपँ त्याला आधी पन्नास हजार फ्रँकचा धनादेश लिहायला लावतो, तो नीट पाहून पाकिटात ठेवतो आणि मगच टेबलाचा कप्पा उघडून पत्र पुढे करतो. पत्र कसे शोधले हे तो पोलिसाला सांगत नाही, मित्राला सांगतो. म्हणजे रहस्यकथेच्या जन्मापासूनच उकल ही हवाली करायची वस्तू आहे, तिला किंमत आहे, आणि ती कुणाला किती द्यायची हे गुप्तहेर ठरवतो. याच द्युपँने व्हिदॉक या खऱ्या माणसाला नाके मुरडली आहेत. व्हिदॉक हा मुळात तुरुंगातून पळालेला गुन्हेगार. पुढे १८१२ च्या सुमारास तो पॅरिसच्या गुप्त पोलीस पथकाचा प्रमुख झाला, आणि त्याने हाताखाली माणसे घेतली तीही बहुतेक शिक्षा भोगून आलेलीच. चोराला चोराच्या वाटा ठाऊक असतात, एवढे त्याचे शास्त्र. साहित्यातले दोन प्रवाह इथून फुटले. एक द्युपँचा, पुरावा वाचणाऱ्यांचा. दुसरा व्हिदॉकचा, कायद्याची रेघ दोन्ही बाजूंनी ओलांडून पाहिलेल्यांचा. होम्स, पॉयरो, व्योमकेश पहिल्या प्रवाहातले. रॅफल्स, अर्सेन ल्युपँ आणि आपला झुंजार दुसऱ्यातले. उतरंड लावणारे हे दोन प्रवाह अगदी वेगळे धरतात. ते तसे वेगळे नाहीत.

होम्सचीच साक्ष काढू. बॉस्कोम दरीची कथा १८९१ सालची. तळ्याकाठी एका माणसाचा खून झाला आहे, मुलावर आळ आहे, आणि इन्स्पेक्टर लेस्ट्रेडच्या लेखी प्रकरण संपलेले आहे. होम्स तिथे जातो आणि ओल्या मातीवर जवळजवळ पालथा पडून पावलांचे ठसे वाचू लागतो. अनेकांच्या येण्याजाण्याने तुडवलेल्या जागेतून तो एकेकाचे पाऊल वेगळे काढतो. सिगारची राख पाकिटात भरतो. एक दगड उचलतो, त्याच्याखालचे गवत अजून हिरवे आहे, म्हणजे दगड तिथे दोन-चार दिवसांपूर्वीच पडला. खुनी उंच आहे, डावखुरा आहे, उजव्या पायाने लंगडतो, जाड तळाचे बूट घालतो, भारतीय सिगार ओढतो, एवढे सगळे तो मातीतून आणि राखेतून काढतो. लेस्ट्रेड हसतो. ज्युरीपुढे हे टिकणार नाही, असे त्याला वाटते. इथपर्यंतची कथा सगळ्यांच्या लक्षात राहते. पुढे काय होते? खुनी जॉन टर्नर हा ऑस्ट्रेलियात सोन्याच्या काफिल्यावर दरोडा घालून श्रीमंत झालेला म्हातारा, मधुमेहाने मरणपंथाला लागलेला. होम्स त्याच्याकडून कबुलीजबाब लिहून घेतो आणि स्वतःजवळ ठेवतो. मुलाला शिक्षा झालीच तर तो बाहेर काढायचा, नाही तर नाही. मुलगा होम्सने काढून दिलेल्या हरकतींवर सुटतो, टर्नर काही महिन्यांनी आपल्या मरणाने मरतो, आणि खुनाची उकल होम्सच्या कपाटात पडून राहते. हा अपवाद नव्हे. निळ्या रत्नाच्या कथेत तो चोराला दार उघडून जा म्हणतो. अॅबी ग्रेंजच्या कथेत वॉटसनला ज्युरी नेमून, स्वतः न्यायाधीश होऊन, दिवाणखान्यातच आरोपीला निर्दोष ठरवतो. पुरावा गोळा करण्यात होम्ससारखा शिस्तीचा माणूस नाही. निवाडा करण्यात तो झुंजारच्या फार जवळ आहे. फक्त त्याच्या अंगावर काळा वेष नाही.

पॉयरोचे तर आणखी पुढचे. १९२६ च्या रॉजर अॅक्रॉइडमध्ये तो खुन्याला स्वतःच्या हाताने मरण्याची मुभा देतो. १९३४ च्या ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये दोन उकली मांडतो, एक खरी आणि एक सोयीची, आणि पोलिसांना कोणती सांगायची हे गाडीतल्या दोघा भल्या माणसांवर सोडतो. चेस्टरटनचा फादर ब्राऊन फ्लँबो या नामांकित चोराच्या मागे लागतो तो त्याला तुरुंगात घालण्यापेक्षा वळणावर आणण्यासाठी, आणि तो चोर पुढे स्वतः गुप्तहेर होतो. व्हिदॉकची वाट पाद्र्याच्या झग्याखालून पुन्हा उघडी झाली. या मांदियाळीत पोलिसाच्या हाती उकल जवळजवळ नेहमी देणारी मिस मार्पलच. तिच्याकडे मी पुढे येणार आहे, कारण माझ्या मापाने ती बरीच वर जाते.

आता खानदेशाकडे वळतो. १८१८ साली हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला तेव्हा सातपुड्यात आणि डोंगरपट्ट्यांत भिल्ल नाईकांचे राज्य होते. त्यांच्यावर फौजा पाठवून काही भागले नाही. मग १८२५ साली जेम्स औट्रमने धरणगावला खानदेश भिल्ल कोअर उभी केली. ज्यांना सरकार लुटारू म्हणत होते त्यांच्यातलेच जवान पगारावर घेऊन त्यांच्याकडून मुलखाचा बंदोबस्त करवला. पॅरिसमध्ये व्हिदॉक जे करत होता तेच, तेरा वर्षांच्या अंतराने, गिरणेच्या खोऱ्यात झाले. व्हिदॉकवर कादंबऱ्या झाल्या, धरणगाववर झाल्या नाहीत, एवढाच फरक. आणि ही रेघ एकाच दिशेने ओलांडली जाते असेही नाही. सेंधव्याच्या घाटात सरकारी पहाऱ्यावर असलेला खाज्या नाईक शिक्षा भोगून सुटला, १८५७ च्या धामधुमीत पुन्हा नोकरीवर घेतला गेला, आणि त्याच वर्षी बंड करून उठला. त्या नोव्हेंबरात आग्रा-मुंबई रस्त्यावर त्याच्या माणसांनी सात लाखांचा सरकारी खजिना लुटला. सरकारी दप्तरात तो दरोडेखोर, लोकांच्या आठवणीत वीर. रखवालदार, कैदी, पुन्हा रखवालदार, बंडखोर. एवढी स्थित्यंतरे एका आयुष्यात पाहिलेल्या मुलखाला चोर आणि शिपाई यांच्यातली भिंत पक्की वाटेल कशी?

याच मुलखात गुन्ह्याचा माग काढण्याची एक जुनी व्यवस्था होती, आणि गुप्तहेरांच्या तुलनेत तिला जागा द्यायला हवी. खानदेशातल्या गावाचा राखणदार म्हणजे जागल्या, बहुधा भिल्ल. चोरी झाली की त्याने माग काढायचा. पश्चिम हिंदुस्थानात ठिकठिकाणी चालत आलेली रीत अशी: पहिला स्वच्छ ठसा सापडला की तो वाऱ्याने, गुराढोरांनी मोडू नये म्हणून झाकून ठेवायचा, त्याची लांबी-रुंदी काडीने मोजायची, टाचेची झीज, बोटांची ठेवण, अंगावरच्या ओझ्याने पाऊल किती रुतले ते पाहायचे, आणि मागावर चालत शिवेपर्यंत जायचे. शिवेवर पुढच्या गावाच्या राखणदाराला बोलावून माग त्याच्या हवाली करायचा. त्याने तो मान्य केला की जबाबदारी त्याच्या गावाची. ज्या गावाच्या हद्दीत माग हरवला, त्या गावाने भरपाई द्यायची. बॉस्कोमच्या तळ्याकाठी होम्स जे करतो त्यातले बहुतेक सगळे या माणसाला येत होते, आणि त्यासाठी त्याला भिंगाची गरज लागत नव्हती. पण माझे म्हणणे कौशल्यापुरते नाही. दुसऱ्या गावाचा राखणदार हा या पद्धतीतला खरा महत्त्वाचा माणूस आहे. त्याला माग खोटा ठरवण्यातच फायदा आहे, आणि तरी तो त्यालाच पटवून द्यावा लागतो. होम्सला असा माणूस कधी भेटत नाही. वॉटसन कौतुक करतो, लेस्ट्रेड हसतो, उलटतपासणी कुणीच करत नाही. अर्थात गावाच्या रीतीतही जुलूम होता. भरपाई गरिबांच्या डोक्यावर पडे, आणि जागल्याच्या जातीवर आळ घेणे पाटलाला सोपे जाई. ती रीत परत आणावी असे कुणी म्हणणार नाही. उकल एकाच्या डोक्यात न ठेवता हातोहात तपासत न्यायची, एवढी तिच्यातली अक्कल मात्र घेण्यासारखी आहे.

इंग्रजी अमलात तपास पोलिसांकडे गेला आणि लोकांचा विश्वास त्याच्यामागून गेला नाही. हे मी अंदाजाने म्हणत नाही, कायद्यातच लिहिलेले आहे. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातले कलम २५ सांगत होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद कलम २३ मध्ये कायम आहे. पोलीस मारून कबुली घेतात हे राज्यकर्त्यांना १८५० च्या दशकातच कळून चुकले होते, आणि १८६१ च्या फौजदारी कायद्यात या बंदीचा पाया घातला गेला. इंग्रज सरकारने आपल्याच शिपायावर भरवसा नसल्याचे असे लेखी कबूल केले. आता पॉयरोचा शेवटचा प्रवेश धुळ्याच्या सत्र न्यायालयात मांडून पाहा. सगळ्यांना दिवाणखान्यात जमवले, तासभर भाषण केले, खुनी चवताळून उठला आणि इन्स्पेक्टरच्या देखत सगळे ओकून बसला. आपल्या न्यायालयात त्या ओकण्याला किंमत नाही. पंचनामा कुठे आहे, जप्त वस्तू सीलबंद होती का, पंच फितूर झाले का, हे प्रश्न सुरू होतील, आणि पॉयरोच्या मिशीला घाम फुटेल. इंग्रजी वाचकाला कबुलीवर संपलेली कथा पूर्ण वाटते. आपल्याकडच्या वाचकाला, कोर्टाची पायरी चढलेला असेल तर, ती अर्धीच वाटायला हवी.

या पार्श्वभूमीवर बाबूराव अर्नाळकरांचे नायक पाहिले की त्यांच्या लोकप्रियतेचे कारण वेगळे दिसते. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे खरे नाव. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. त्यांचा धनंजय आणि त्याचा छोटू हे होम्स-वॉटसनच्या घराण्यातले. पण वाचकांनी डोक्यावर घेतले ते झुंजारला आणि काळा पहाडला, म्हणजे कायद्याच्या कक्षेबाहेर राहून दुष्टांचा हिशेब करणाऱ्यांना. ही पात्रे परदेशी साच्यावरून घेतली आहेत हे टीकाकारांनी पुष्कळदा सांगितले आहे, आणि ते खरेच आहे. पण साचे दोन्ही प्रकारचे आले होते. त्यांतला कोणता इथे रुजला, हे साच्यावरून कळत नाही, मातीवरून कळते. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सुमारे साडेपाच लाखांचा सरकारी खजिना शिंदखेडे तालुक्यात चिमठाण्याजवळ भूमिगत क्रांतिकारकांनी लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्याबरोबर खानदेशातले कार्यकर्ते त्यात होते. हातात पिस्तूल, पुढे सरकारी पैसा, मागे पोलीस, आणि लोकांची सहानुभूती लुटणाऱ्यांकडे. ज्या पिढीने ही बातमी ऐकली तिला झुंजार हा कल्पनेचा फार मोठा ताण वाटला नसणार. पोलीस परक्या सरकारचा असताना सत्याची उकल त्याच्या हाती देणारा नायक कुणाला आवडावा? पुढे स्वराज्य आले तरी चौकीची पायरी चढताना सामान्य माणसाचे पाय जड व्हायचे ते झालेच, आणि झुंजार खपत राहिला. नंतरच्या पिढीत सुहास शिरवळकरांनी बॅरिस्टर अमर विश्वास आणला, म्हणजे नायक न्यायालयात उभा केला. पण त्याच लेखणीतून दारा बुलंदही आला.

इथे सगळ्यात जड आक्षेप येतो. गुन्हेगाराला नायक करू नये, असे खुद्द कॉनन डॉयलचे मत होते. त्याचा मेव्हणा हॉर्नंग याने १८९८ साली रॅफल्स हा सभ्य चोर उभा केला, तेव्हा त्याच्या लेखणीचे कौतुक करूनही डॉयलने ही कल्पना धोक्याची ठरवली. टर्नरची कबुली कपाटात ठेवणाऱ्या होम्सच्या जनकाने हे म्हणावे, याची गंमत सोडून देऊ. आक्षेप खरा आहे. धुळे जिल्ह्याने त्याची किंमत पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी समजून भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. पुरावा काय होता? मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा, आणि परक्या माणसांनी एका मुलीशी बोलणे. त्या जमावातल्या प्रत्येकाला त्या घटकेला आपण गावाचे रक्षण करतो आहोत असेच वाटत होते. पोलिसांना टाळून परस्पर निवाडा करणारा नायक ज्यांना प्रिय आहे, त्यांनी या घटनेवरून नजर वळवून पुढे जाऊ नये. झुंजारच्या कथांत खलनायक कोण हे वाचकाला बहुधा आधीच ठाऊक असते, लेखकानेच सांगितलेले असते. म्हणून तिथे परस्पर शिक्षा गोड लागते. खऱ्या गावात तसे सांगणारा लेखक नसतो.

म्हणून झुंजारला माझ्या मापाने अर्धेच गुण मिळतात. निवाडा कुणाच्या हाती द्यावा, हा प्रश्न त्याने धीटपणे विचारला, आणि ज्या काळात विचारला त्या काळात तो योग्य होता. पण उकल तपासण्याची सोय त्याने कुणालाच ठेवली नाही. होम्सलाही याहून फार जास्त देता येत नाहीत. त्याचा पुरावा पक्का, पण किल्ली त्याच्याच खिशात. इब्ने सफीचा इमरान, जो हिंदी वाचकांपुढे राजेश होऊन आला, वरून येडा आणि आतून गुप्तचर खात्याचा मुख्य. तिथे शोधणारा आणि निवाडा करणारा एकच, म्हणजे तपासाचा प्रश्नच मिटला. करमणूक म्हणून मला तो फार आवडतो, गुण देताना हात आखडतो. शरदिंदू बंद्योपाध्यायांचा व्योमकेश स्वतःला सत्याचा शोधक म्हणवतो, पोलिसांशी भांडतो पण सहसा त्यांच्यावाचून पुढे जात नाही, आणि आपला तर्क कुठे लंगडा आहे हे आपला मित्र अजित याच्यापुढे मोकळेपणे बोलतो. १९९३ साली दूरदर्शनवर रजित कपूरने त्याला घरोघर पोचवले तेव्हा लोकांना भावला तो त्याचा हाच साधेपणा. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला मोठ्यांच्या रांगेत बसवू नये असे कुणी म्हणेल, पण चोर सापडला की मोठ्यांना हाक मारायची, हे शहाणपण त्या पोराला होम्सपेक्षा जास्त आहे.

मिस मार्पलचा प्रश्न खानदेशी वाचकाला विशेष जवळचा असायला हवा. ती खेड्यात राहते, सगळ्यांच्या घरातले सगळे तिला ठाऊक असते, आणि खुन्याची ओळख ती गावातल्या कुठल्यातरी लबाड पोऱ्यावरून किंवा पैसे चोरणाऱ्या मोलकरणीवरून पटवते. म्हणजे तिचे भांडवल गावगप्पा. राईनपाड्यातही गावगप्पाच होत्या, मग फरक काय? फरक असा की मार्पल गप्पांवरून फक्त संशय घेते. १९३० च्या तिच्या पहिल्या कादंबरीत खुनी कोण हे तिला आधी कळते, पण पुरावा नाही हेही ती स्पष्ट म्हणते, आणि पोलिसांना सापळा लावायला सुचवते. संशय माणसे ओळखून आणि पुरावा वस्तूवरून, ही तिची शिस्त आहे. खेड्यात राहणाऱ्या कुणालाही ती पाळता येईल आणि फार थोडे लोक पाळतात. या शिस्तीसाठी मी तिला होम्सच्या वर बसवतो. ज्यांना हे पाखंड वाटेल त्यांनी दोघांच्या पाच-पाच कथा शेवटापासून सुरुवातीकडे वाचून पाहाव्यात.

हलक्याफुलक्या वाचनावर मी इतिहासाचे ओझे लादतो आहे, असेही म्हटले जाईल. लादत नाही. वेळ घालवायला वाचणारा वाचकही आपला नायक निवडतोच, आणि निवड ही साक्ष असते. कोणत्या मुलखाने कोणता गुप्तहेर उचलला, यावरून त्या मुलखाचा आपल्या पोलिसांवर, कोर्टांवर आणि शेजाऱ्यांवर किती भरवसा होता हे कळते. हे दुसऱ्या कुठल्या कागदात इतके स्वच्छ सापडत नाही. उकल कुणाच्या हाती द्यायची हे ठरवण्याची वेळ खुद्द डॉयलवरही आली होती. मुंबईहून इंग्लंडात गेलेल्या पारशी घरातल्या जॉर्ज एदलजीला जनावरे भोसकल्याच्या खोट्या आरोपावरून तुरुंगात टाकले गेले. १९०७ साली डॉयलने त्याचे निर्दोषत्व मांडले ते थेट वर्तमानपत्रात, पुराव्याच्या एकेका तुकड्यासह, कुणीही तपासावे असे. होम्सने कधी केले नसते ते त्याच्या लेखकाने केले.

पुरावा लोकांपुढे ठेवण्याचे काम ज्याने आयुष्यभर केले असा माणूस धुळ्यात होऊन गेला. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे घरोघर, वाड्यांच्या माळ्यांवर हिंडून दप्तरे गोळा करत. १८९८ पासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड छापले, आणि मूळ कागद पुढे ठेवून मग स्वतःचे मत प्रस्तावनेत मांडले. त्या प्रस्तावनांतले काही तर्क फार लांब उडी मारणारे होते. पण कागद शेजारीच छापलेला असल्यामुळे पुढच्यांना ते खोडता आले, आणि त्यांनी खोडले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच ते वारले, आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या शहरात आजही दप्तरे सांभाळून आहे.

मराठी रहस्यकथेचे असे दप्तर कुणी केलेले नाही. झुंजारला हसणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तो वाचलेला असतो, आणि ज्यांना वाचायचा आहे त्यांना तो सहजी मिळत नाही. स्वस्त कागदावर छापलेली ती पुस्तके हातोहात फाटली, वाचनालयांनी जीर्ण म्हणून काढून टाकली, भाड्याने पुस्तके देणाऱ्या दुकानांबरोबर रद्दीत गेली. माझ्याही या प्रस्तावनेत अर्नाळकरांवरचा निकाल त्यांच्या हजारातल्या थोड्या पुस्तकांवर उभा आहे, तेव्हा तो अंतिम समजू नये. जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे, शिरपूर, नंदुरबार, कुठेही कुणाच्या घरी फडताळात, पेटीत, माळ्यावर धनंजय, झुंजार, काळा पहाड यांच्या जुन्या प्रती असतील, मुखपृष्ठ गेलेल्या, पाने सुटलेल्या, तरी त्या रद्दीवाल्याला घालू नका. जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला नेऊन द्या, आणि ग्रंथपालांना सांगून त्यांची नोंद करून घ्या.